खोली नंबर अकरा

दोंडाईच्याहून सव्वासातची एस.टी.
तेजल खिडकीशी, मुठीत माझ्या बाहीचं बटण.
गल्लीत सांगितलंय, डोळे दाखवायला नेतो धुळ्याला.
अगदीच खोटं नाही :
होळीपासून तिचे डोळे रात्रभर उघडेच.

मॅडम म्हणाल्या, घर काढा,
तिघं मिळून, एकाच कागदावर.
मी मिरचीचा काटा काढला,
दिवसभर त्याच्याशीच बोलतो.
तिच्या आईने चूल.
तेजलने नुसती कडी, आतून लावलेली.

तो कागद पावतीपुस्तकात आहे.

‘बरी झाली का’ विचारायचं नाही आता.
किती झोपली, ते लिहायचं.
मालाच्या वहीतच लिहितो :
सोमवार, दोन तास.
मंगळवार, नाही. मीपण नाही.

काल भरताची वांगी भाजताना
तुरखाट्या तडतडल्या.
पळाली ती. कडी वाजली.
एरवी मी दार ठोठावलं असतं.
काल तिथंच, उंबऱ्याशी बसून
वांगी सोलत राहिलो दोघं, बोटं पोळत.
तिची आई दाराला पाठ लावून,
“आठेच शे मी. आठेच.”

वांगी पार गार झाली.
मग फटीतून,
“दाणा जास्त टाक.”

हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं,
गुरुवारी विचारीन.