मुमकिन?

सालमियाच्या पॉलीक्लिनिकमध्ये दिवसाला साठ-सत्तर दंड
माझ्या हाताखालून जातात.
प्रत्येकाला आधी विचारते : मुमकिन?
अरबी मला एवढीच धड येते,
बाकीची फार्मसीवाल्याकडून उसनी.
उम्म दलालच्या शिरा चुकार,
बोटाला सापडून पुन्हा बुडतात,
तरी मी थांबते, ती "तफद्दली" म्हणेपर्यंत.
सुई त्यानंतर.
उशीर होतो. सुपरवायझर घड्याळ बघतो.
बघू दे.

शुक्रवारी सकाळी लाँड्रीच्या वर योगवर्ग.
खालून इस्त्रीची वाफ, वर उदबत्ती,
महिन्याचे पंधरा दिनार आगाऊ.
भार्गव सरांचा आवाज गोड.
हात मात्र मुका.
अधोमुख श्वानासनात डोकं खाली, जग उलटं,
तेव्हा तो कंबरेवर यायचा.
शवासनात डोळे मिटले की खांद्यावरून निघून
जिथे कुठलंच आसन नसतं तिथपर्यंत.
मी स्वतःला सांगायची : सुधारतायत.
आपलंच काही वाकडं असेल,
कणा, नाहीतर मन.

मागच्या रांगेत निलंती, श्रीलंकेची.
कुणाच्या तरी घरी कामाला.
आठवड्यातले तीन तास तिचे स्वतःचे,
त्यातला एक ती इथे खर्चायची.
फेब्रुवारीत यायची थांबली.
चटई कोपऱ्यात, गुंडाळलेली.
कुणी काही विचारलं नाही.
मीही नाही, आणि मला तर ठाऊक होतं.
मी मत्स्यासनात होते,
मान मागे टाकली की मागची भिंत उलटी दिसते त्यात,
भिंतीशी ती,
आणि तो हात.
मी श्वास मोजत राहिले. बारापर्यंत.

दोन शुक्रवार गेलेच नाही.
तिसऱ्याला गेले आणि शवासनात
डोळे टक्क उघडे ठेवून पडले.
पावलं आली, चटईच्या कडेशी थांबली.
"सर, हात लावायच्या आधी विचारायचं."
मराठीतच निघालं. मग हिंदीत.
मग, का कोण जाणे, अरबीत :
मुमकिन, असं म्हणायचं.
आणि मी 'ला' म्हटलं तर ला.

एसी एवढा आवाज करतो हे तेव्हा कळलं.
सर हसले. "देहाला इतकं कवटाळू नका, ताई.
समर्पण हवं."
म्हटलं, ते मी द्यायचं असतं.
तुम्ही येऊन घ्यायचं नसतं.

शायनी उठून बसली. मग अजून दोघी.
एक जण माझ्यावरच चिडली,
वर्ग बंद पडेल तुझ्यापायी, पैसे भरलेत मी.
तिचंही खोटं नव्हतं,
पंधरा दिनार कुणालाच परत मिळाले नाहीत.

आता शायनीच्या हॉलमध्ये जमतो, सोफा भिंतीला रेटून.
शिकवणारी बाई कडक आहे, गुडघ्यावरून ओरडते,
पण हातभर लांबून.
लाँड्रीवाल्या युसुफकडून आम्ही निळे बिल्ले आणलेत.
चटईच्या डोक्याशी बिल्ला, आकडा वर :
आज मला हात लावू नका.
कारण सांगायचं नाही.
मी कधी सुलटा ठेवते, कधी पालथा,
कधी मध्येच उठून बदलते.

परवा निलंतीच्या बिल्डिंगखाली उभी राहिले, ड्युटीनंतर,
पांढरा कोट पिशवीत कोंबून.
काय बोलायचं ते पाठ करून गेले होते,
मी पाहिलं होतं, मी गप्प बसले, हे दोन्ही.
ती कचऱ्याची पिशवी घेऊन आली.
ओळखलं तिने, नाही असं नाही.
पाठ केलेलं सगळं विसरले,
हात तेवढे पुढे झाले, मिठीच्या बेतात,
आणि अर्ध्यावर त्यांना मी अडवलं.
"मुमकिन?"

ती बराच वेळ बघत राहिली.
रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला.
मग तिने पिशवी खाली ठेवली.