ठसा जुळत नाही

चोपड्याच्या दवाखान्यात, योजनेच्या काउंटरवर
माझी खुर्ची. पंख्याखाली नाही.

सुपडू भिला कोळी, वय एकसष्ट, पित्ताशयात खडे.
यंत्र म्हणतं, ठसा जुळत नाही.
पुन्हा. जुळत नाही.
चाळीस वर्षं केळीचे घड उतरवले,
चिकानं रेषा खाल्ल्या, उरल्या त्या विळ्यानं.
तुळसाबाई लिंबू आणते, चोळते, पदरानं पुसते.
"मना अंगठा मनाच नही का, ताई?"

पूर्वी इथला कंपाउंडर
तोंड बघून केसपेपर फाडायचा.
औषध मात्र बाहेरून, बैल विकून.
आता फुकट, खरंच फुकट,
मी पाहिलंय, बिलावर शून्य छापून येतं.
फक्त माणूस तोच आहे एवढं पटवायचं.

मग चेहरा लावू म्हटलं.
कॅमेऱ्यासमोर बसवलं. डोळे मिचकवा, बाबा.
रात्रभर दुखण्यानं मिटले नाहीत,
आता सांगून मिटेनात.
तुळसाबाईनं फुंकर घातली.
हिरवी खूण आली.

मंजुरी कुठून येते मला ठाऊक नाही,
पावणेसहाला आली.
गावाची बस साडेपाचला गेलेली.
पॅकेजात त्याचं जेवण आहे, परतीचं भाडं आहे,
तिच्या झोपण्याला कोड नाही.

बाकड्यावरच्या फायली मी
खाली ठेवल्या.