ती बुडाली नव्हती

रॅटल कोव्हच्या अग्निशमन हॉलमध्ये
चाळीस खुर्च्या मांडल्या मी. आली सतरा माणसं.
त्यातली दोन तर बंबाच्या किल्ल्या द्यायला आलेली,
बाहेरची थंडी बघून टेकली.

बंब बर्फात काढून ठेवला होता.
त्याच्या जागेवर, तेलाच्या डागावर,
एक सतरंजी, दोन स्टुलं.
माइक नाही. लागतही नाही.
या खोलीत कुणी खोकलं
तर कोण ते मान न वळवता कळतं.

लिओना हिस्कॉकनं अकॉर्डियन मांडीवर घेतलं,
दमेकऱ्याला उठवून बसवावं तसं.
गॉर्डनं गिटारीला कान लावून
खुंट्या पिळल्या, पुन्हा पिळल्या.
तीन वर्षं झाली दोघांना वेगळं होऊन.
घर तिच्याकडे, ट्रक त्याच्याकडे,
गाण्यांची वाटणी काही जमली नाही.
म्हणून महिन्यातल्या चार रात्री
त्याच ट्रकमधून, मधे वाद्यं ठेवून,
खाडीमागून खाडी हिंडतात.

पहिली दोन नाचाची. नाचलं कुणी नाही,
पण बुटांनी आपापलं उरकून घेतलं.

मग एलनचं गाणं. आमच्याच गावचं.
होडीची वाट बघत खडकावर उभी राहिलेली पोर,
भरती आली, शाल तेवढी मागे उरली.
तो खालचा सूर धरतो, ती वरचा.
एकमेकांकडे बघत नाहीत,
श्वास मात्र एकाच जागी घेतात.
शेवटच्या कडव्यात ती शब्द सोडून देते,
नुसता भाता ओढते,
आणि तो वारा भिंतीवरच्या
पाण्याच्या नळ्यांच्या भेंडोळ्यांतून फिरून येतो.
बेकरीवाल्या क्लीटसनं चष्मा पुसला.
मी नाही पुसला. माझ्या हातात किटली होती.

मध्यंतर. चहा, काकवीचे बन,
आणि हॅमच्या तुकड्याची सोडत. नंबर एकोणीस.
फिलोमिना ड्रोहन, वय एक्क्याण्णव,
हॅम पिशवीत कोंबत म्हणाली,
"छान म्हणता रे. पण ती बुडाली नव्हती हं.
माझ्या आईची मावसबहीण ती.
शिवणयंत्रं विकणाऱ्या एकाबरोबर बॉस्टनला गेली.
शाल ठेवली मुद्दाम,
घरच्यांना गावात सांगायला काहीतरी हवं ना.
नाताळला पत्र यायचं. पाच पोरं झाली.
शेवटी शेवटी एवढी सुटली होती
की फोटोत नवरा अर्धाच दिसायचा."

कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.
लिओना कप धरून तशीच उभी,
आणि गॉर्ड तिच्याकडे बघत होता.
त्या संध्याकाळी पहिल्यांदा.

"तेच परत म्हणा," म्हातारीच म्हणाली,
"बुडवा तिला खुशाल. आम्हाला सवय आहे."

म्हटलं त्यांनी.
शेवटच्या कडव्याआधी लिओना थांबली,
थांबायला हवं त्याहून जरा जास्त.
गॉर्ड खालचा सूर धरून राहिला,
दार उघडं धरून उभं राहावं तसा.
मग तिनं म्हटलं. या वेळी शब्दांसकट,
आणि शाल म्हणताना तिचा आवाज
कुठेतरी भलतीकडेच बघत होता.

साडेदहाला मी खुर्च्या रचत असताना
ती जवळ येऊन विचारती झाली,
सेंट जॉन्सची बस सकाळी किती वाजता असते?
आठ दहा, पेट्रोलपंपावरून. हवा बरी असली तर.
ट्रक बाहेर गुरगुरत होता.
ती गेली, ट्रकमध्येच बसली,
पुढचं मला ठाऊक नाही.

बंब आत घेतला.
तो बरोबर आपल्या डागावर उभा राहिला.