निळा कोपरा

फोन येतो तेव्हा डेस थर्लबी कुणाच्या तरी छतावर असतो,
ओठांत दोन खिळे, कानामागे पेन्सिल.
शनिवारी ब्रॅडफर्ड. पासष्ट किलो. चार फेऱ्या.
ठरलेला माणूस आजारी पडलाय,
म्हणजे शहाणा झालाय.
समोर कोण, हे डेस विचारत नाही.
"रोख ना?" एवढंच,
आणि उरलेली कौलं बसवायला वळतो.

मी त्याच्या बायकोचा भाऊ.
चौदा वर्षं बादली माझ्याकडे.
बादली, स्पंज, व्हॅसलिनचा डबा
आणि ग्रिम्सबीपर्यंत परत गाडी हाकणं,
कारण परतीला त्याचा एक डोळा बहुधा रजेवर असतो.

लाल कोपऱ्यातल्या पोराची दोनशे तिकिटं खपलेली.
मामा, मावश्या, शाळेतले दोस्त,
बाप बिअरच्या ग्लासासकट खुर्चीवर चढलेला.
निळ्या कोपऱ्यात आम्ही दोघं.
नूरा कुस्ती म्हणाल तर चुकाल.
कुणी काही ठरवत नाही.
ठरवावं लागतच नाही.

एकशे त्रेचाळीस लढती. जिंकल्या नऊ, बरोबरी सहा.
बाकीचे हार गळ्यात घातले असते
तर माणूस दिसला नसता.
पण आडवा झाला फक्त चारदा.
आडवं झालं की अठ्ठावीस दिवस बंदी,
म्हणजे चार शनिवार,
म्हणजे गॅसचं बिल आणि रोझीचे शाळेचे बूट.
तेव्हा हरायचं ते उभ्यानं.
ठोसा कोपरावर घ्यायचा, खांद्यावरून घसरू द्यायचा,
दोराला टेकून पोराला दमवायचं,
त्याच्या पायावर पाय देऊन वर "सॉरी हं" म्हणायचं.
पोरं याच शाळेत शिकतात.
फी मात्र मास्तरच्या नाकातून जाते.

एकदाच. रॉदरहॅमला, तिसऱ्या फेरीत,
ओल्डरॉइड नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा
हात खाली सोडून आत शिरला
आणि डेसचा डावा हूक, कोण जाणे कुठून, गेला.
पोराचे गुडघे पाण्याचे झाले.
सभागृह असं गप्प की बादलीतला बर्फ ऐकू आला.
मी उभा. ओरडत होतो, घाल, आता घाल,
आणि माझा मेव्हणा पुढे होऊन
त्या पोराला मिठी मारून उभा राहिला.
धरून ठेवला.
पंचानं सोडवायला जेवढा वेळ घेतला, तेवढा.

गुणांवर हरलो, एका गुणानं.

"कानात काय सांगितलंस त्याला?"
"नाकानं श्वास घे म्हटलं. आई बघतेय तुझी."
"आणि जिंकला असतास तर?"
"सोमवारी फोन वाजला नसता."
मी स्कन्थॉर्पपर्यंत बोललो नाही.
पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली पाहिलं,
डावा पंजा मांडीवर उताणा ठेवून
तो बघत होता त्याच्याकडे,
बसमध्ये कुणाची तरी वस्तू राहून जावी
आणि परत कुठे करायची कळू नये, तसा.

एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टरनं मेंदूचा फोटो उजेडापुढे धरला,
काहीतरी पांढरं दाखवलं.
डेस म्हणाला, ठीक.
लिनेट गाडीत रडली. मग चिप्स घेतल्या तिघांनी.

नऊ विजयांतला एकही त्याला धड आठवत नाही.
ज्यांच्याशी हरला ती पोरं मात्र नावानिशी ठाऊक:
कोण बाप झाला, कोण तुरुंगात,
कुणाचं नाक अजून सरळ आहे.
कधी एखादं नाव दोनदा सांगतो.
आम्ही दोन्ही वेळा ऐकतो.

बादली अजून माझ्याकडेच.
आता तिच्यात चुना-सिमेंट असतं.
मी शिडीनं वर नेतो, रिकामी खाली आणतो.
हंबरवरून वारा सुटतो तेव्हा
तो आढ्यावर वजन मागच्या पायावर घेऊन उभा राहतो,
हनुवटी आत.
"किती फेऱ्या राहिल्या?" वरून विचारतो.
ढिगाकडे बघून मी सांगतो,
एक.