नावात न चालणारी चिन्हं

सातबारा लिहिताना मी मधली तिरपी रेघ गाळते.
मशीन ती घेत नाही.
वाटणी झाली की गट नंबरात जी येते,
४३ चा ४३/२ होतो,
शेतात तिथे धुरा पडतो, धुऱ्यावर बोरी वाढतात.
मशीनला मात्र रेघेपलीकडे दुसरंच घर वाटतं,
दार शोधतं, मग सांगतं, असं ठिकाणच नाही.
म्हणून आडवी रेघ देते. ७-१२.
चालतं. तलाठीही काही म्हणत नाही.

आज लाईन आल्याबरोबर पंचफुलाबाई लोणारे आली,
चपला पायरीखाली सारून.
हक्कसोडाचा कागद काढायचा होता.
बाहेर तिचा भाऊ, मोटरसायकल चालूच ठेवून.
कागद लेकीने वणीहून माझ्या मोबाईलवर पाठवलेला.
मोबाईलात दिसत होता. केबल लावली
तर संगणक अडून बसला.
केबल काढून फुंकर मारली, परत लावली.
नाहीच.

"काय म्हन्ते वं?"
"नावात खोट आहे, मावशी."
"माह्या नावात?"
"फाईलच्या."
"वाच बरं."

४३-२ आईनं हिस्सा सोडला?

शेवटची ती खूण. तीच आडवी आली होती.
मी बॅकस्पेस एकदाच दाबली.

४३-२ आईनं हिस्सा सोडला

पटकन उघडली. एरवी कुरकुरणारा प्रिंटरही
निमूट चालला.

कागद गरम होता. तिने तो पदरावर धरला.
"पोरीनं अस्संच लिवलं होतं?"
"नाही. शेवटी एक चिन्ह होतं."
"कसं?"
मी कागदाच्या पाठीवर पेनाने काढून दाखवलं,
वाकडा आकडा, खाली ठिपका.
"इळ्यावानी हाये," ती म्हणाली,
आणि बोट फिरवत राहिली त्याच्या वाकावरून.

माझी स्वतःची फाईल याच मशीनमध्ये आहे.
मागच्या दिवाळीत मीच टाईप केली, मीच नाव दिलं,
भाऊ शेजारच्या खुर्चीत चहा पीत होता.
हक्कसोड_अंतिम.
पहिल्याच क्लिकला उघडते.

बाहेर हॉर्न वाजला. दोनदा.
पंचफुलाबाईने दहाची नोट ठेवली,
कागदाची घडी केली, खुणेची बाजू वर.
"तेले सांग," ती म्हणाली, "लाईन गेली म्हना."

मी दारात जाऊन सांगितलं.
आत पंखा फिरत होता,
चांगला घरघरत.