शिवणीवरचा पोचा

ऐला कोस्किनेन तिसऱ्यांदा उशिरा आली
तेव्हाही मी म्हटलं, असू दे, असू दे.
थंडर बेमधला फेब्रुवारी, उणे एकतीस,
चर्चच्या तळघरात दान आलेल्या डब्यांची चळत
माझ्या खांद्याइतकी.

तिनं पांढरी काठी हीटरला टेकवली,
हातमोजे काढून एकात एक खोचले
आणि म्हणाली,
"ब्रूनोला काल दहा मिनिटांसाठी झापलंस.
मी पाऊण तास उशिरा आले.
मला का नाही?"

काय सांगणार?
की तू येतेस हेच आम्हाला पुष्कळ?
वाक्य जिभेवर तयार होतं,
गोड, गुळगुळीत.
गिळलं.

खरं तर काम तीच जास्त करते.
डबा हातात घेते, अंगठा फिरवते
झाकणाच्या कडेवरून, मग उभ्या शिवणीवरून.
पोटावरचा पोचा चालतो.
शिवणीवरचा नाही; तिथून हवा शिरते, आतलं नासतं.
आम्ही डोळसांनी पास केलेले अकरा डबे
तिनं पहिल्याच दिवशी बाजूला काढले.

आत काय आहे ते डेल्बर्ट वाचतो.
पलीकडच्या वसतिगृहातला, चाळिशीचा,
अक्षराला अक्षर लावत, मोठ्यानं:
म... टा... र. मटार. पीच. परत मटार.
घाई केली की थांबतो
आणि पहिल्यापासून सुरू करतो.
ऐला घाई करत नाही.
मी मात्र देणगीदारांना
त्या टेबलापाशी न्यायचे, दाखवायला.
हेही लिहून ठेवते.

आणि फॉर्म. तोही माझाच.
प्रश्न तिसरा: वीस किलो वजन उचलता येतं का?
इथे ढकलगाडी आहे.
सात वर्षांत वीस किलो
कुणीच उचललेले नाहीत.

तर मी तिला झापलं.
आधी आवाज चोरटा निघाला.
"मोठ्यानं," ती म्हणाली.
मग निघाला खरा:
आठ म्हणजे आठ, ऐला!
दारात माणसं गारठतात,
तपासल्याशिवाय एक डबा वाटता येत नाही मला!
डेल्बर्टचा मटार अर्ध्यावर थांबला.
ब्रूनोनं सवयीनं मान खाली घातली.
त्याच रागाच्या भरात
तो प्रश्न सुटला तोंडातून, जो माझ्या भलेपणानं
तीन आठवडे अडवून धरला होता:
"का होतो गं उशीर?"

"व्हॅन," ती म्हणाली.
आठवडाभर आधी सांगावी लागते.
दवाखान्याची माणसं आधी, मग बाकीची.
कशासाठी जाता, या रकान्यात
'सेवा' असं काही नाहीच.
"मी 'करमणूक' लिहिते," म्हणाली,
आणि डब्याकडे वळली.

व्हॅनच्या कचेरीतला क्लेटन
फोनवर चार वेळा नाही म्हणाला.
पाचव्यांदा स्वतःच आला, गुरुवारी,
आणि आमच्या रॅम्पसमोर उभा राहिला.
रॅम्पवर आम्ही रिकामी खोकी रचून ठेवली होती.
छतापर्यंत.
तो काही बोलला नाही.
दोन उचलली. मी दोन उचलली.

करार वगैरे झाला नाही.
एका खोक्याच्या झाकणावर लिहिलं:
तुम्ही आठच्या आत आणा,
आम्ही रॅम्प मोकळा ठेवतो.
खाली दोघांच्या सह्या,
आणि डेल्बर्टची, कारण त्यानं ते वाचून दाखवलं.

त्या दिवशी ऐलानं माझा अंगठा धरून
एका डब्यावर टेकवला.
"लागलं?"
नाही लागलं.
"परत."
डबा दिसायला अगदी धड होता.

तिसरा प्रश्न खोडला आहे.
त्या जागी काय विचारावं, अजून ठरत नाही.
आणि कालही व्हॅन नऊला आली.
क्लेटनला झापलं.
आधी ऐलानं, मग मी,
मग डेल्बर्टनं,
अडखळत, पण पूर्ण वाक्यात.