ताणा

गोळीबार चौकाच्या मागे, हेमराज नंदनवारच्या घरी,
जिथे त्याच्या वडलांचा माग होता
त्या खोलीत आता आमचं रॅक आहे.
मागाचा खड्डा बुजवला, वर लादी बसवली.
एक लादी अजून पोकळ वाजते.
तिच्यावर यूपीएस ठेवायचा नाही,
एवढा एकच नियम आमच्या कंपनीत
पहिल्या दिवसापासून पाळला गेला आहे.

एकशे बारा वेबसाइट.
काटोलची संत्र्याची रोपवाटिका,
मानेवाड्याचं मंगल कार्यालय,
सावजी मसाल्याचे दोन भाऊ, एकमेकांशी न बोलणारे,
दोघांचाही पासवर्ड आईचं नाव;
एक वधूवर केंद्र, ज्याला खरी गर्दी
रात्री दोन वाजता होते.

आणि या सगळ्यांच्या खाली जी होती,
जिच्यावर सात वर्षं आम्ही डोळे मिटून टेकलो,
तिचा आधार तीस जूनला संपणार.
मुदत संपल्याची तारीख
मी आजवर दुधाच्या पिशवीवरच वाचत आले होते.

मे महिना. सेहेचाळीस अंश.
एसी मशीनला, कूलर आम्हाला.
हेमराजने जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर नावं लिहिली.
विंडोजच्या परवान्याची किंमत ऐकून
त्याने कूलर बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून,
आणि परत विचारली.
उबुंटू आमच्या वृषभला पाठ आहे,
पण तो दिवाळीनंतर पुण्याला जातो म्हणतो.
फ्रीबीएसडी माझी आवडती. मी ते मोठ्याने म्हटलं सुद्धा.
हेमराज म्हणाला, तू गोंदियाला बहिणीकडे असशील
आणि रात्री तीनला बंद पडलं,
तर मी कोणाच्या आवडीला फोन करू?
जुनीची दोन जुळी भावंडं आली आहेत बाजारात,
तोच चेहरा, त्याच सवयी. तिथे मात्र आम्ही दोघं
ताक फुंकत बसलो बराच वेळ.

राहिली डेबियन.
कोणा एकाच्या मालकीची नाही. घाई नाही.
नवं काही तिच्याकडे लवकर पोचत नाही.
'कंटाळवाणी आहे,' हेमराज म्हणाला.

दारात दयारामजी उभे होते, हातात पाण्याचा तांब्या.
'कंटाळवाणी म्हंजे?'
'म्हणजे बाबा, काही घडतच नाही तिच्यावर.'
'मंग त्यात वाईट काय हाये बे?'

मी सांगितलं त्यांना, आमचं पॅनल तिच्यावर चालत नाही,
एकेक साइट हाताने उचलून
हाताने जोडावी लागेल, नवी टोकं, जुनी टोकं.
ते रॅककडे पाहत राहिले.
'गिऱ्हाइकाले लुगड्यात बाणा दिसते, बाई.
ताणा कोणी पाहात नाही.
नवा ताणा सांधाले आम्ही दोन दोन हजार गाठी मारत होतो,
एकेका सुताले एक.
तुमच्या किती, एकशे बारा?'
आणि तांब्या तसाच घेऊन आत गेले.

शनिवारी रात्री एकला बसलो.
बाराबाराच्या खेपा. सावजी भाऊ, न विचारता, एकाच खेपेत.
वधूवर केंद्र आम्ही शेवटी ठेवलं,
तरी साडेतीनला कोणीतरी वाट पाहत होतं तिथे,
मला लॉगमध्ये दिसत होतं: थांबलं, परत आलं, परत थांबलं.
मी घाई केली त्याच्यासाठी. किंवा तिच्यासाठी.
आतल्या खोलीत दयारामजी जागेच होते.
जुनं यंत्र बंद केलं तेव्हा
अंधारातून आवाज आला, 'हं. आता बदलला.'

पाच चाळीसला सगळं उभं होतं.
बाहेर कोणी अंगणात सडा टाकत होतं.
वृषभ पोकळ लादीवर डोकं ठेवून झोपला होता.

साडेनऊला पहिला फोन, मंगल कार्यालयाचे गेडाम.
'मॅडम, काय केलं तुम्ही रात्री?
हॉलचा फोटो आडवा दिसून राहिला ना.'

तीन वर्षं आडवाच होता.
मी सॉरी म्हटलं, आणि सरळ केला.